उन्हाचे शीड

(जहाजाला शीड असते हे आपल्याला माहीत आहे, पण उपग्रहाला शीड कशासाठी? अवकाशात तर वाराच नसतो. सूर्यप्रकाश वस्तूंना हलकासा धक्का देतो. हा धक्का उपग्रहाला कसा वळवतो, त्याची कक्षा कशी बदलतो आणि माणसाने त्याचा उपयोग कसा करून घेतला, याची माहिती या पाठात दिली आहे.)

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता वरंधा घाटाने कोकणात उतरतो. घाट लागण्यापूर्वी या रस्त्यावर हिर्डोशी नावाचे गाव आहे. पुणे जिल्ह्यातील भोर तालुक्याचा हा भाग हिरडस मावळ म्हणून ओळखला जातो. एका बाजूला सह्याद्रीचे उंच डोंगर, दुसऱ्या बाजूला नीरा देवघर धरणाचे पाणी आणि मध्ये भाताची खाचरे. पावसाळ्यात येथे इतका पाऊस पडतो, की कित्येक दिवस सूर्याचे दर्शनही होत नाही. भाताची लावणी या पावसावरच अवलंबून असते. पण पाऊस फार झाला, की घाटात दरडी कोसळतात आणि रस्ता बंद पडतो. म्हणून पाऊस किती आणि केव्हा येणार, याची सूचना आधी मिळाली तर येथील लोकांचा मोठा फायदा होतो.

ही सूचना कोठून मिळते? तुम्ही दूरदर्शनवर बातम्यांच्या शेवटी ढगांचे चित्र पाहिले असेल. भारताचा नकाशा आणि त्यावर पांढऱ्या कापसासारखे पसरलेले ढग! हे चित्र पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाने घेतलेले असते. भारताच्या ‘इन्सॅट’ मालिकेतील उपग्रह अशी चित्रे पाठवत आले आहेत. या मालिकेतील सुरुवातीच्या उपग्रहांची चित्रे पाहिली, तर एक नवल दिसते. उपग्रहाच्या एका बाजूला वीज तयार करणारे सौर पॅनेल आहेत. आणि दुसऱ्या बाजूला एका लांब काठीच्या टोकावर चक्क एक शीड आहे!

शीड म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक आहेच. उर्दूत त्याला ‘बादबान’ म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी अरब व्यापारी शिडांच्या जहाजांतून कोकणातल्या चौल बंदरात येत. ठरावीक ऋतूत वारे भारताकडे वाहतात आणि पुढच्या ऋतूत उलट दिशेने वाहतात, हे त्यांना माहीत होते. म्हणून ते वाऱ्याबरोबर येत आणि वाऱ्याबरोबर परत जात. ‘मोसमी वारे’ यातला ‘मोसमी’ हा शब्द तुमच्या ओळखीच्या ‘मौसम’ या शब्दाशी नाते सांगतो. दोन्ही शब्दांचे मूळ अरबी आहे. समुद्रावरच्या शिडात वारा भरतो. मग ३६,००० किलोमीटर उंचीवर, जेथे हवाच नाही, तेथे शिडावर कोणता वारा आदळतो?

तेथे शिडावर आदळतो तो सूर्यप्रकाश.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, “आम्ही रोज उन्हात उभे राहतो. ऊन लागते, घाम येतो. पण ऊन कधी आम्हांला ढकलत नाही!” तुमचे म्हणणे बरोबर आहे. तरीसुद्धा ऊन ढकलते, हे खरे आहे. समजा, तुम्ही चेंडू भिंतीवर मारला. चेंडू भिंतीवर आदळून परत येतो. आदळताना तो भिंतीला धक्का देतो. प्रकाशही असेच करतो. प्रकाशाला चेंडूसारखे वजन नसते. पण तो ज्या वस्तूवर पडतो, तिला थोडासा धक्का देतो. काळ्या वस्तूने प्रकाश शोषून घेतला, तर धक्का एकदाच बसतो. आरशासारख्या चकचकीत वस्तूवरून प्रकाश उलट फिरला, तर धक्का जवळजवळ दुप्पट होतो.

ही कल्पना फार जुनी आहे. सतराव्या शतकात योहान्नेस केप्लर हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ धूमकेतूंचे निरीक्षण करत होता. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, हे त्याच्या ध्यानात होते. सूर्याचे किरणच शेपटीला ढकलत असावेत, असे त्याला वाटले. धूमकेतूच्या धुळीच्या शेपटीबाबत त्याचा तर्क बराचसा खरा ठरला. पुढे १८७३ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवून दिले, की प्रकाशाला दाब असतो. पण हा दाब इतका कमी, की तो मोजायचा कसा? रशियाच्या प्योत्र लेबेदेव याने हवा काढून घेतलेल्या काचेच्या भांड्यात अतिशय हलके पंख टांगले. त्यांवर प्रकाश सोडला आणि पंख किती फिरतात ते पाहिले. १९०१ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रकाश ढकलतो, हे प्रयोगाने सिद्ध झाले.

हा धक्का किती लहान असतो? हिर्डोशीतले एक एकराचे भाताचे खाचर डोळ्यांसमोर आणा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, सुमारे ४,००० चौरस मीटर. आता असे समजा, की एवढाच मोठा आरसा आपण अवकाशात, पृथ्वीच्या अंतरावर, सूर्यासमोर धरला. त्या संपूर्ण आरशावर सूर्यप्रकाशाचा जो जोर पडेल, तो चार ग्रॅम वजनापेक्षाही थोडा कमीच असेल. म्हणजे एक एकर आरशावर पडणारे सारे ऊन मिळून चहाच्या चमचाभर तांदळाच्या वजनाएवढा धक्का देते!

एवढ्याशा धक्क्याने काय होणार, असे कोणालाही वाटेल. जमिनीवर खरोखर काहीच होत नाही. येथे हवा अडवते, जमीन घासते, वारा हलवतो. या सर्वांपुढे उन्हाचा धक्का कोठल्या कोठे हरवून जातो. परंतु अवकाशात अडवणारी हवा नाही आणि घासणारी जमीन नाही. शिवाय उन्हाचा धक्का थांबत नाही. तो एका सेकंदाला बसतो, पुढच्या सेकंदालाही बसतो. दिवसामागून दिवस, महिन्यामागून महिने तो बसतच राहतो. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण तुम्ही ऐकली आहे. अवकाशात उन्हाचे तसेच होते.

आता आपण इन्सॅटच्या शिडाकडे वळू. ढगांची चित्रे घेणाऱ्या उपकरणाला ढगांची उष्णताही टिपावी लागते. म्हणजे रात्रीच्या अंधारातही ढग दिसतात. पण उष्णता टिपणारे हे उपकरण स्वतः अतिशय थंड असावे लागते. त्यासाठी त्याच्या एका भागाचे तोंड उत्तरेच्या थंड, मोकळ्या अवकाशाकडे ठेवतात. त्या बाजूला सौर पॅनेल लावले, तर त्यांची उष्णता उपकरणाला लागेल. म्हणून उपग्रह तयार करणाऱ्यांनी सगळे सौर पॅनेल दक्षिणेच्या बाजूला लावले.

यातून एक नवी अडचण उभी राहिली. गावाकडे कावडीने पाणी आणणारा माणूस तुम्ही पाहिला असेल किंवा चित्रात तरी पाहिला असेल. कावडीच्या दोन्ही टोकांना सारखे ओझे असते. एकाच टोकाला घागर बांधली, तर कावड लगेच कलते. उपग्रहाचेही तसेच झाले. एका बाजूला मोठे सौर पॅनेल आणि दुसरी बाजू रिकामी. सूर्यप्रकाशाचा धक्का पॅनेलांवर बसे आणि सारा उपग्रह हळूहळू कलू लागे. उपग्रह कलला, तर त्याचे तोंड पृथ्वीकडे राहणार नाही. मग ढगांची चित्रे नाहीत, दूरध्वनी नाहीत आणि दूरदर्शनही नाही.

यावर उपाय म्हणजे शीड. उत्तरेच्या बाजूने एक लांब, हलकी काठी बाहेर काढायची आणि तिच्या टोकावर शंकूच्या आकाराचे हलके शीड उभारायचे. शीड आकाराने लहान असले, तरी काठी लांब असल्यामुळे त्याचा परिणाम मोठा होतो. दरवाजा बिजागरीजवळ ढकलला, तर जोर लागतो. कडेला ढकलला, तर तो सहज फिरतो, त्यातलाच हा प्रकार. पॅनेलांवरचा धक्का उपग्रहाला एका बाजूला कलवतो, शिडावरचा धक्का त्याला उलट बाजूला कलवतो आणि दोन्हींचा तोल साधतो. शीड उपकरणापासून दूर असल्यामुळे उपकरणाच्या थंडपणालाही बाधा येत नाही.

हे शीड किती महत्त्वाचे होते, हे एका दुःखद प्रसंगाने कळले. १० एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेतून ‘इन्सॅट-१ए’ हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला. हा इन्सॅट मालिकेतील पहिला उपग्रह. त्याने सात वर्षे काम करावे, अशी अपेक्षा होती. सारा देश त्याच्याकडे डोळे लावून बसला होता. परंतु अवकाशात गेल्यावर त्याचे काही भाग नीट उघडेनात. एक अँटेना अडकली होती. ती पुढे प्रयत्नांनी मोकळी झाली. शीड मात्र उघडलेच नाही.

शीड नसल्यामुळे तोल सांभाळण्याचे काम उपग्रहावरच्या लहान लहान झोतयंत्रांवर आले. ही यंत्रे वायूचा झोत सोडून उपग्रहाला सरळ करतात. प्रत्येक झोताला थोडे इंधन लागते. ऊन ढकलत राहिले, झोत सुटत राहिले आणि इंधन कमी होत गेले. त्यातच सप्टेंबर १९८२ मध्ये उपग्रहाचे पृथ्वीकडचे लक्ष सुटले. त्याला पुन्हा सरळ करण्याच्या प्रयत्नात उरलेसुरले इंधनही संपले. सात वर्षांसाठी पाठवलेला उपग्रह पाचच महिन्यांत निकामी झाला. न उघडलेले शीड हे या अपयशाचे एकमेव कारण नव्हते. तरीसुद्धा चमचाभर तांदळापेक्षाही हलका असा धक्का दुर्लक्ष करण्याजोगा नसतो, हा धडा त्यातून मिळाला.

आपल्या शास्त्रज्ञांनी धीर सोडला नाही. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १९८३ रोजी, ‘चॅलेंजर’ या अवकाशयानातून ‘इन्सॅट-१बी’ निघाला. त्याचे सौर पॅनेल उघडतानाही सुरुवातीला अडचण आली. पण काही दिवसांत ती दूर झाली आणि हा उपग्रह कामाला लागला. त्याच्यामुळे दूरदर्शन खेडोपाडी पोहोचले आणि ढगांची चित्रे नियमित मिळू लागली. १० जुलै १९९२ रोजी सोडलेला ‘इन्सॅट-२ए’ तर भारतातच तयार झालेला होता. त्यालाही काठीच्या टोकावर शीड होते.

इन्सॅटचे शीड तोल सांभाळण्यासाठी होते, प्रवासासाठी नव्हते. पण सूर्यप्रकाश उपग्रहाला फक्त कलवतो असे नाही. तो उपग्रहाची वाटसुद्धा बदलतो. उपग्रह ज्या वाटेने पृथ्वीभोवती फिरतो, तिला कक्षा म्हणतात. उन्हाच्या धक्क्याने ही कक्षा कशी बदलते, ते एका उदाहरणाने पाहू.

एका मोठ्या गोल मैदानावर एक मुलगा सायकलने फेऱ्या मारत आहे, अशी कल्पना करा. वारा एकाच दिशेने वाहत आहे. अर्धी फेरी वारा त्याच्या पाठीमागून येतो आणि त्याचा वेग वाढतो. उरलेली अर्धी फेरी वारा समोरून येतो आणि त्याचा वेग कमी होतो. उपग्रहाचेही असेच असते. अर्ध्या फेरीत तो सूर्यापासून दूर जात असतो. तेव्हा उन्हाचा धक्का पाठीमागून बसतो. उरलेल्या अर्ध्या फेरीत तो सूर्याकडे जात असतो. तेव्हा धक्का समोरून बसतो.

तुम्हांला वाटेल, की मिळवले आणि गमावले सारखेच, मग बदल कसला? गंमत येथेच आहे. उपग्रहाचा नियम सायकलीहून वेगळा आहे. कक्षेत एखाद्या ठिकाणी उपग्रहाचा वेग वाढला, तर कक्षेची समोरची बाजू पृथ्वीपासून दूर जाते. वेग कमी झाला, तर समोरची बाजू पृथ्वीच्या जवळ येते. त्यामुळे एका बाजूने कक्षा फुगते आणि दुसऱ्या बाजूने आत येते. गोल कक्षा हळूहळू लांबट होते.

शास्त्रज्ञांना हे प्रत्यक्ष पाहायलाही मिळाले. १२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेने ‘एको-१’ नावाचा एक प्रचंड फुगा अवकाशात सोडला. त्याचा व्यास सुमारे ३० मीटर, म्हणजे जवळजवळ दहा मजली इमारतीएवढा होता. पण तो अगदी पातळ, चकचकीत पडद्याचा असल्यामुळे वजनाने फार हलका होता. मोठा आकार आणि कमी वजन! उन्हाला हवे तसे सावजच मिळाले. सुमारे १,६०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या या फुग्याची कक्षा काही महिन्यांतच लांबट झाली. तिची पृथ्वीजवळची बाजू शेकडो किलोमीटर खाली आली. उन्हाचा धक्का कक्षा बदलतो, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता.

इन्सॅटसारख्या जड उपग्रहांच्या कक्षेत एवढा मोठा बदल होत नाही. पण थोडा बदल होतोच. म्हणून कर्नाटकातील हासन येथील नियंत्रण केंद्रातून या उपग्रहांवर रात्रंदिवस लक्ष ठेवले जाते. उपग्रह आपल्या जागेवरून थोडा जरी सरकला, तरी लहान झोत सोडून त्याला जागेवर आणले जाते.

येथपर्यंत आपण उन्हाचा उपद्रव पाहिला. पण शहाणा नावाडी वाऱ्याशी भांडत नाही. तो शीड वळवून वाऱ्यालाच कामाला लावतो. उन्हालाही असे कामाला लावता येईल काय?

मैदानावरच्या त्या सायकलस्वाराला आता एक छत्री द्या. वारा पाठीमागून आला, की त्याने छत्री उघडायची. वारा समोरून आला, की छत्री मिटायची. आता काय होईल? मदत तेवढी मिळेल आणि अडथळा टळेल. प्रत्येक फेरीला त्याचा फायदाच होईल. उन्हावर चालणाऱ्या यानाची हीच युक्ती आहे. त्याला ‘सौरशिडाचे यान’ म्हणतात. यान सूर्यापासून दूर जात असते, तेव्हा शिडाचे तोंड सूर्याकडे करायचे. यान सूर्याकडे जात असते, तेव्हा शीड वळवून त्याची फक्त कड सूर्याकडे ठेवायची. कडेवर ऊन पडून पडणार किती?

‘लाइटसेल-२’ नावाच्या छोट्या यानाने हे करून दाखवले. ते २५ जून २०१९ रोजी अमेरिकेतून सोडण्यात आले. सामान्य लोकांनी दिलेल्या देणग्यांतून ते बांधले होते. त्याचे वजन फक्त पाच किलो होते आणि बंद असताना ते पावाच्या लांबट लादीएवढे दिसे. २३ जुलैला त्याचे शीड उघडले. ते ३२ चौरस मीटरचे, म्हणजे एका लहान वर्गखोलीएवढे होते. हे यान सुमारे शंभर मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारी. प्रत्येक फेरीत ते दोनदा वळे: एकदा शिडाचे तोंड सूर्याकडे आणि एकदा कड सूर्याकडे. पहिल्या आठवडाभरातच त्याच्या कक्षेची वरची बाजू सुमारे दोन किलोमीटर उंचावली. इंधनाचा एक थेंबही न जाळता, केवळ उन्हाच्या बळावर!

अशा यानाला वेग कसा मिळतो, याचा हिशेब मनोरंजक आहे. लाइटसेल-२ सारख्या यानावर उन्हाचा पूर्ण धक्का न थांबता बसत राहिला असे समजू. पहिल्या सेकंदात त्याचा वेग मुंगीच्या चालीपेक्षाही कमी वाढेल. पण एका दिवसात तो ताशी सुमारे १८ किलोमीटरने वाढेल. हा झाला सायकलीचा वेग. महिन्याभरात तो ताशी पाचशे किलोमीटरपेक्षा जास्त वाढेल. हा झाला विमानाचा वेग. रॉकेटचा धक्का फार मोठा असतो. पण काही मिनिटांत त्याचे इंधन संपते. उन्हाचा धक्का लहान असतो. पण सूर्य आहे तोपर्यंत तो संपत नाही.

लाइटसेल-२ पुढे सुमारे ७०० किलोमीटर उंचीवर होते. तेथेही अतिशय विरळ हवा असते. मोठ्या शिडाला ती हवा थोडी थोडी अडवत राहिली. अखेर १७ नोव्हेंबर २०२२ रोजी हे यान खाली येऊन वातावरणात जळून गेले. पृथ्वीजवळ उन्हाला हवेशी झुंजावे लागते. म्हणून सौरशिडाचे खरे मैदान दूर, ग्रहांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे.

तेथे यान पृथ्वीभोवती नव्हे, तर सूर्याभोवती फिरते. अशा वेळी शीड थोडे तिरपे धरतात. ऊन तिरप्या शिडावर आदळून मागे गेले, तर यानाला पुढे धक्का बसतो. त्याचा वेग वाढत जातो आणि ते गोगलगाईच्या शंखावरच्या रेषेसारखे वळसे घेत सूर्यापासून दूर जाऊ लागते. शीड उलट बाजूला तिरपे केले, तर धक्का यानाच्या चालीविरुद्ध बसतो. त्याची चाल मंदावते. मग सूर्याचे गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढते आणि यान वळसे घेत सूर्याच्या जवळ जाऊ लागते. ऊन सूर्यापासून दूर ढकलत असले, तरी उन्हाच्याच मदतीने सूर्याकडे जाता येते! कुशल नावाडी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेही होडी नेतो, तशीच ही करामत आहे.

जपानने २१ मे २०१० रोजी ‘इकारोस’ हे यान शुक्राच्या दिशेने पाठवले. ग्रहांच्या मधल्या अवकाशात सौरशिडावर चाललेले हे जगातले पहिले यान होय. त्याचे शीड चौकोनी होते आणि एक बाजू १४ मीटर होती. आपल्या मापाने ते जवळजवळ दोन गुंठे झाले. पण जाडी? माणसाच्या केसाच्या सुमारे एक दशांश! यान भिंगरीसारखे फिरवून हे शीड उघडण्यात आले. त्यावर उन्हाचा जो धक्का बसला, तो पाच-सहा तांदळाच्या दाण्यांच्या वजनाएवढा होता. शास्त्रज्ञांनी तो मोजला आणि गणिताने काढलेले उत्तर खरे ठरले. ८ डिसेंबर २०१० रोजी इकारोस शुक्राजवळून पुढे गेले.

या शिडांनाही मर्यादा आहेत. सूर्यापासून दुप्पट अंतरावर गेले, तर ऊन चौपट कमी होते. पृथ्वीच्या सावलीत शिरले, तर धक्काच मिळत नाही. शीड फार मोठे, फार पातळ आणि तरीही न फाटणारे असावे लागते. आणि मुख्य म्हणजे ते उघडावे लागते! म्हणून आजही नवे प्रयोग चालू आहेत. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने ८० चौरस मीटर शिडाचे एक यान न्यूझीलंडमधून सोडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचे शीड हलक्या, नव्या प्रकारच्या काठ्यांवर उघडण्यात आले.

कधी कधी ऊन मोडक्या यानालाही आधार देते. नासाची ‘केप्लर’ नावाची दुर्बीण दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधत होती. २०१३ साली तिला स्थिर ठेवणाऱ्या चार चाकांपैकी दुसरे चाक बिघडले. आता ती सरळ राहीना. मग शास्त्रज्ञांनी तिला अशा रीतीने वळवले, की दोन्ही बाजूंना ऊन सारखे पडेल. बोटावर पेन्सिल तोलून धरावी, तशी ती उन्हावर तोलून धरली. २०१८ साली इंधन संपेपर्यंत ती काम करत राहिली. धूमकेतूच्या शेपटीत उन्हाचा धक्का ओळखणाऱ्या केप्लरच्याच नावाची ही दुर्बीण होती, हा केवढा सुंदर योग!

आज भारतावरच्या ढगांची चित्रे ‘इन्सॅट-३डीआर’ आणि २०२४ साली सोडलेला ‘इन्सॅट-३डीएस’ हे उपग्रह घेतात. हिर्डोशीवर काळे ढग दाटून येतात, तेव्हा त्यांची बातमी आधीच हवामान खात्याकडे पोहोचलेली असते. घाटातल्या प्रवाशाला ती सावध करते आणि शेतकऱ्याला लावणीचा दिवस ठरवायला मदत करते. ही बातमी नियमित मिळावी, म्हणून कोणीतरी उन्हाच्या त्या हलक्याशा धक्क्याचा रोज हिशेब ठेवलेला असतो.

पाऊस उघडला, की खाचरांवर पुन्हा ऊन पसरते. भाताची रोपे चमकू लागतात. ते ऊन रोपांनाही ढकलत असते. पण एकही पान हलत नाही. तेच ऊन अवकाशात एखाद्या यानाला कोट्यवधी किलोमीटर पुढे नेऊ शकते. लहान धक्क्याकडे दुर्लक्ष केले, तर तो बुडवतो; त्याला ओळखून शीड नीट धरले, तर तो पैलतीराला नेतो.

शब्दार्थ
खाचर : बांध घालून पाणी साठवलेले भाताचे शेत
लावणी : भाताची रोपे उपटून पुन्हा चिखलात लावणे
दरड : डोंगराचा तुटलेला कडा
शीड : वारा अडवून जहाज चालवणारे कापड, बादबान
कक्षा : उपग्रहाचा किंवा ग्रहाचा फिरण्याचा मार्ग
कावड : खांद्यावरून ओझे नेण्याची, दोन्ही टोकांना ओझे असलेली काठी
निकामी : उपयोगाचा न राहिलेला
उपद्रव : त्रास
करामत : कौशल्य, कमाल
पैलतीर : पलीकडचा किनारा

स्वाध्याय
प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) हिर्डोशी गाव कोणत्या घाटाच्या रस्त्यावर आहे?
(२) प्रकाशाला दाब असतो, हे गणिताने कोणी दाखवले?
(३) इन्सॅट-१ए केव्हा सोडण्यात आला?
(४) लाइटसेल-२ च्या शिडाचा आकार किती होता?

प्र. २. कारणे लिहा.
(१) इन्सॅटचे सौर पॅनेल एकाच बाजूला लावले होते.
(२) एको-१ ची कक्षा लवकर बदलली.
(३) लाइटसेल-२ प्रत्येक फेरीत दोनदा वळत असे.

प्र. ३. थोडक्यात उत्तरे लिहा.
(१) इन्सॅट-१ए निकामी कसा झाला?
(२) उन्हाच्या मदतीने यान सूर्याच्या जवळ कसे जाऊ शकते?

प्र. ४. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीचा अर्थ सांगून ती स्वतःच्या वाक्यात वापरा. अशा अर्थाची उर्दूतील म्हण शोधा.

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा : डोळे लावून बसणे, धीर सोडणे, लक्ष ठेवणे.

उपक्रम : एका पट्टीच्या मध्यभागी दोरा बांधून ती टांगा. एका टोकाला कागद चिकटवा. पट्टी सरळ राहण्यासाठी दुसऱ्या टोकाला काय करावे लागते, ते पाहा आणि वहीत लिहा.